नवजात बालकांवर संशोधन करायचंय? आधी छेद पक्का करा

प्रश्न: "एमडी बालरोगच्या शेवटच्या वर्षाला आहे. नवजात बालकांच्या आरोग्यावर संशोधन करायची मनापासून इच्छा आहे. डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) करावं, पीएचडी करावी की सार्वजनिक आरोग्याकडे वळावं? घरचे म्हणतात, त्यात पैसा नाही आणि आयुष्य निघून जातं. हे काम प्रत्यक्षात कसं असतं, अनुभवी कोणी सांगेल का?"

पदवीचं शेवटी सांगते, कारण तो भाग सोपा आहे. आधी कामाबद्दल. मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नवजात विभाग सांभाळला आणि त्याच्या जोडीनं बरीच वर्षं गावपातळीवरच्या अभ्यासांत काम केलं. बाळं दोन्हीकडे सारखीच, पण दिसणारं चित्र फार वेगळं. तो फरक नीट उमगला की या करिअरमधलं निम्मं समजलं.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागात, तुमच्यापुढे येणारं प्रत्येक बाळ कुणीतरी तिथवर आणलेलं असतं. कुणी १०८ नं येतं, कुणी दोन-तीन ठिकाणांहून रेफर होऊन. रजिस्टरात भरती किती, बरी होऊन घरी गेली किती, दगावली किती, डामा (डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी नेलेली) किती, सगळं लिहिलेलं असतं. पण त्या महिन्यात तुमच्या तालुक्यात जन्मलेली बाळं किती, त्यातली आजारी पडली किती, आणि दवाखान्याची पायरी न चढताच गेली किती, हे त्या रजिस्टरात कुठेही सापडणार नाही. अपूर्णांकातला अंश तुमच्या हातात आहे, छेद, म्हणजे एकूण बाळांचा खालचा आकडा, नाही. नवजात बालकांच्या संशोधकाची बहुतेक हयात हा छेद मिळवण्यात आणि मिळालेला शाबूत ठेवण्यात जाते. बाकी सगळं, म्हणजे औषधं, यंत्रं, लेख, त्याच्या पाठोपाठ येतं.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे आणि ते तुम्ही फक्त परीक्षेपुरतं वाचलं असेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग नागपूरला शिकले, पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्याआधी डॉ. अभय बंगांनी महाराष्ट्रातल्या शेतमजुरांच्या किमान वेतनाचा हिशोब तपासला होता. मजुराला किती उष्मांक लागतात, कुटुंबात खाणारी तोंडं किती, हे धरून सरकारी आकडेमोड कुठे कमी पडते ते दाखवलं होतं. म्हणजे मोजायची सवय बाळांच्या आधीपासूनची. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग यांच्या पुढाकारानं झालेला अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आढळला. या बायका दवाखान्यात येत नव्हत्या, म्हणून पुस्तकात हा आजार 'थोडा' होता. छेद बदलला आणि आजाराचं आकारमानच बदललं.

त्यानंतर बालमृत्यू. मुलं न्यूमोनियानं जातात हे दिसत होतं, पण गावात डॉक्टर नाही आणि एक्स-रे नाही. १९९० मध्ये त्यांनी शंभराहून अधिक गावांतल्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला: प्रशिक्षित गावकऱ्यांनी आणि सुईणींनी श्वास मोजून निदान केलं व कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक दिलं, तर न्यूमोनियाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात.

श्वास मोजणं ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून ते कसं करतात ते सांगते. बाळ रडत असेल किंवा दूध पीत असेल तर थांबायचं. शांत झालं की आईच्या मांडीवरच राहू द्यायचं, झबलं फक्त पोटावरून वर करायचं आणि जिथे छाती संपून पोट सुरू होतं त्या रेषेवर नजर ठेवायची. नवजात बाळ एका लयीत श्वास घेत नाही. दहा-बारा श्वास भराभर घेतं, मध्येच काही सेकंद थांबतं, मग पुन्हा सुरू करतं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणारा रेसिडेंट इथे हमखास चुकतो. पूर्ण एक मिनिट मोजायचं, आणि दोन महिन्यांखालच्या बाळाचा आकडा ६० किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा एक मिनिट मोजायचं. आता ज्या सुईणीला साठपर्यंत आकडे येत नाहीत तिनं काय करावं? 'सर्च'नं त्यासाठी एक साधन बनवलं. एका मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी मण्यांची तार. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर पोचलात तर न्यूमोनिया. मला विचाराल तर नवजात आरोग्यातल्या संशोधनाचा कस या उपकरणात दिसतो, कारण वापरणाऱ्या बाईला काय येतं तिथून विचार सुरू झाला आहे.

पण न्यूमोनियाचे मृत्यू घटल्यावर मोजणीत नवीन गोष्ट ठळक झाली. उरलेल्या मृत्यूंतला मोठा वाटा पहिल्या महिन्यातला होता. बाळ एक महिन्याचं झालं की वाचवायचे उपाय होते, त्याआधीच्या बाळासाठी 'दवाखान्यात न्या' यापलीकडे कुणाकडेच उत्तर नव्हतं, आणि न्यायचं कुठे हाही प्रश्नच होता. १९९३ पासून ३९ गावं प्रयोगासाठी आणि ४७ गावं तुलनेसाठी घेतली. पहिली दोन वर्षं फक्त जन्म-मृत्यूंची पक्की नोंद झाली. दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं महिन्याच्या आत जात होती. पुढचं वर्ष, १९९५-९६, निरीक्षणाचं होतं. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांनी प्रसूतीच्या वेळी हजर राहून आणि नंतर घरी जाऊन ७६३ नवजात बाळांची नोंद ठेवली. ९५ टक्के बाळं घरीच जन्मली होती. निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बाळांना वैद्यकीय उपचारांची गरज होती आणि प्रत्यक्ष उपचार मिळाले फक्त २.६ टक्क्यांना. मृत्यूंपैकी निम्म्याहून थोडे अधिक जंतुसंसर्गानं, वीस टक्के जन्मतः श्वास कोंडल्यानं आणि पंधरा टक्के फार अपुऱ्या दिवसांच्या जन्मानं झाले होते.

हे कोष्टक हाताशी आल्यावर काय करायचं ते जवळजवळ ठरूनच गेलं. संसर्ग पहिला शत्रू, म्हणजे अँटिबायोटिक घरापर्यंत जायला हवं. त्या आरोग्यदूत स्त्रियांनी बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं आणि तोंडानं कोट्रायमोक्साझोल. त्या काळी या कल्पनेला केवढा विरोध झाला असेल याची कल्पना करा. आजही माझे अनेक सहकारी दहावी शिकलेल्या बाईच्या हातात सिरिंज द्यायला कचरतात. विरोधाला उत्तर म्हणून भाषणं उपयोगी पडली नाहीत, नोंदी पडल्या. निदान कसं करायचं, तर रक्ताच्या कल्चरशिवाय (रक्तातले जंतू शोधणाऱ्या तपासणीशिवाय), सात लक्षणांवरून: दूध ओढणं कमी किंवा बंद होणं, रडणं क्षीण होणं, हातपाय लुळे पडणं, उलट्या किंवा पोट फुगणं, अंग हाताला गार लागणं, छाती आत ओढली जाणं, बेंबीत पू. यातली कुठलीही दोन एकाच वेळी असतील तर उपचार सुरू. ही लक्षणं वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्या. यातली बरीच आईच्याच बोलण्यात असतात. "काल छान प्यायचं, आज ओढतच नाही," असं ती सांगतेच, ऐकणारा हवा.

तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर २५ च्या आसपास आला, तुलनेच्या गावांत तो ६० जवळच राहिला. दर १८ बाळांची घरी काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता आणि एका बाळामागे खर्च होता साडेपाच डॉलरहूनही कमी. डिसेंबर १९९९ मध्ये हा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. हे निव्वळ गडचिरोलीतच जमेल अशी शंका घेणाऱ्यांसाठी महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी 'अंकुर' प्रकल्पात तेच करून पाहिलं आणि तिथेही मृत्यू निम्म्यावर आले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं नवजात बाळांच्या घरभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये केंद्र सरकारनं आशांमार्फत हा कार्यक्रम देशभर नेला: दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर सहा भेटी, घरच्या प्रसूतीनंतर सात, आशेला २५० रुपये. पायाभूत नोंदी सुरू झाल्या १९९३ मध्ये, देशाचा कार्यक्रम झाला २०११ मध्ये. "आयुष्य निघून जातं" असं तुमच्या घरचे म्हणतात ना? वेळेच्या बाबतीत ते खरं बोलतात. एका चांगल्या प्रश्नाला वीस वर्षं लागतात, हे धरूनच या वाटेला या.

आता छेद शाबूत ठेवणं म्हणजे काय, हे गावात गेल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात जाते, बाळ दुसऱ्या तालुक्यात जन्मतं, सासरच्या गावात ते 'अजून आलेलं नाही' आणि माहेरच्या गावात 'आमचं नाही'. ते बाळ दोन्ही रजिस्टरांतून निसटतं, किंवा दोन्हींत चढतं. निसटलेलं बाळ गेलेलं असेल तर घरचे आपणहून सांगत नाहीत. नवजात मृत्यूंपैकी तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात, म्हणजे बारशाच्या आधी. ज्याचं नाव ठेवलं नाही, ज्याची पाचवी पुजली नाही, त्या बाळाबद्दल घरात बोलणं होत नाही, नोंदही होत नाही. म्हणून या अभ्यासांत आम्ही बाळांपासून सुरुवात करत नाही, गरोदर स्त्रियांच्या यादीपासून करतो. प्रत्येक गरोदरपणाचा शेवट लागला पाहिजे: जिवंत जन्म, मृत जन्म, गर्भपात, किंवा स्थलांतर. नोंद करणारा एक, पडताळणारा दुसरा, आणि ठरावीक काळानं घरोघर फिरून सुटलेले जन्म शोधणारा तिसरा.

मृत जन्माची नोंद ही तर वेगळीच कसोटी. "मेलेलंच झालं," असं आजी सांगते. मग हळूहळू विचारावं लागतं. रडलं होतं का? हात-पाय हलले का? एखादा तरी श्वास घेतला का? बेंबीत धडधड होती का? यातल्या एकालाही 'हो' आलं तर ते मृत जन्मलेलं बाळ नव्हतं, ते जन्मून गेलेलं बाळ आहे आणि त्याला कदाचित मास्कनं श्वास देऊन वाचवता आलं असतं. हे प्रश्न विचारताना समोर आई बसलेली असते. तिच्याशी कसं बोलावं हे कुठल्याही डीएमच्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. घाई करू नये, वहीत डोकं घालू नये, आणि तिनं विचारलं की "माझं काय चुकलं?", तर फॉर्म बाजूला ठेवून आधी तिला उत्तर द्यावं. मी माझ्या प्रत्येक फील्डवर्करला हे पहिल्या दिवशी सांगते.

तुम्हाला वाटेल, मी वॉर्डातली डॉक्टर, मला गावच्या हिशोबाशी काय करायचं? तर वॉर्डातलंच उदाहरण घ्या. अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झालेल्या बाईला तुम्ही बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे चार डोस देता. याची सुरुवात न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला झाली. माँट लिगिन्स हे प्रसूतितज्ज्ञ मेंढ्यांवर वेगळाच प्रश्न सोडवत होते: प्रसूती सुरू कशानं होते? त्यांच्या ध्यानात आलं की स्टेरॉइड मिळालेलं एक फार अकाली जन्मलेलं कोकरू अपेक्षेपेक्षा जास्त जगलं आणि त्याच्या फुप्फुसात हवा भरलेली होती. १९७२ मध्ये रॉस हॉवी यांच्याबरोबर त्यांनी मातांवरची चाचणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत याची ठाम शिफारस व्हायला १९९४ उजाडलं.

त्यानंतर सगळ्यांना वाटलं, आता हे इंजेक्शन खेड्यापाड्यांत द्यायला सुरुवात करावी. सहा देशांत मोठा अभ्यास झाला, त्यात नागपूर आणि बेळगाव ही दोन केंद्रं होती. २०१५ मध्ये निष्कर्ष आला आणि अनेकांना धक्का बसला. अगदी लहान बाळांना फायदा दिसला नाही, आणि सगळी बाळं मिळून पाहिली तर नवजात मृत्यू दर हजारी साधारण साडेतीननं वाढले, मातांमधला संसर्गही वाढल्याची शंका आली. हे कशामुळे दिसलं? संशोधकांनी त्या गावांतले सगळे जन्म मोजले होते म्हणून. दिवस नेमके माहीत नसताना इंजेक्शन दिलेल्या अनेक बायकांची प्रसूती पुढे पूर्ण दिवसांनी झाली. फक्त कमी वजनाची बाळं मोजली असती तर 'उपयोग झाला नाही' एवढंच कळलं असतं, आणि धडधाकट बाळांचं झालेलं नुकसान कुणाच्याही नजरेस पडलं नसतं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या रुग्णालयांत, भारतातही, सोनोग्राफीनं दिवस पक्के करून आणि आई-बाळाची नीट काळजी घेता येईल अशाच ठिकाणी पुन्हा चाचणी केली. २०२० मध्ये निकाल आला: नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर. औषध तेच. कुणाला, कुठे आणि कुठल्या खात्रीनं दिलं, यानं त्याचा परिणाम उलटा झाला. रात्री दोन वाजता ऑर्डर लिहिताना हे आठवत जा.

वॉर्डातून बाहेर पाहणाऱ्या संशोधकांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांचं नाव मी आवर्जून घेते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, तुटपुंज्या साधनांत, त्यांनी आयांना नवजात विभागात आत घेतलं, डब्याच्या दुधाऐवजी आईच्या दुधावर भर दिला आणि १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. पुढे १९९९ मध्ये 'स्नेहा' संस्था काढून त्या धारावीत गेल्या. बाळं जिथून आजारी होऊन येतात तिथवर जाणं त्यांनाही टाळता आलं नाही.

संमतीचा विषय इथे फार नाजूक आहे. कळा देणाऱ्या बाईकडून सही घेणं म्हणजे संमती घेणं नव्हे. शक्य तिथे गरोदरपणातच, नवरा आणि सासू हजर असताना आणि नंतर तिच्या एकटीशी, असं दोनदा बोलावं. आणि निरीक्षणाचा अभ्यास असला तरी समोर बाळ निळं पडत असताना नुसतं नोंदवत बसता येत नाही. आजारी बाळ दिसलं तर काय करायचं, कुठे पाठवायचं, गाडीचे पैसे कोण देणार, हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेलं हवं. एथिक्स कमिटीनं विचारलं नाही तरी लिहा.

आज प्रश्न बदललेत. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार भारताचा नवजात मृत्युदर दर हजारी २० आणि महाराष्ट्राचा ११ होता. आपल्या राज्यात बहुतेक प्रसूती दवाखान्यात होतात. त्यामुळे घरची सुईण आता केंद्रस्थानी राहिली नाही. मला महत्त्वाचे वाटणारे प्रश्न असे: एसएनसीयूतून (सरकारी रुग्णालयातल्या आजारी नवजात बाळांच्या विभागातून) दीड किलोचं बाळ घरी गेल्यावर त्याचं पुढे काय होतं? अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला यांसारखे औषधांना न जुमानणारे जंतू आपल्याच वॉर्डांतून बाळांना लागतात, ते कसं थांबवायचं? आणि कांगारू काळजी, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं, जी १९७० च्या दशकाच्या अखेरीस बोगोटात इन्क्युबेटर पुरेनात म्हणून सुरू झाली, ती बाळ स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मल्याबरोबर दिली तर मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात हे २०२१ मध्ये सिद्ध झालं. त्या चाचणीत दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. पण त्यासाठी आईची खाट नवजात विभागात असावी लागते. आपल्या जिल्हा रुग्णालयांत ती कशी बसवायची, रात्री आईच्या रक्तस्रावाकडे लक्ष कोण ठेवणार, स्त्रीरोग विभाग की आपण, यावर कुणीतरी बसून काम करायला हवं. तुम्ही का नाही?

आता पदवी. तुम्हाला पडणारे प्रश्न खाटेजवळचे असतील, म्हणजे व्हेंटिलेशन, संसर्ग, मेंदूला झालेली इजा, तर नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा (पीजीआय आणि एम्ससाठी आयएनआय-एसएस) देऊन डीएम निओनॅटॉलॉजी, म्हणजे नवजात बालकशास्त्र, करा. पीजीआय चंदीगड, एम्स दिल्ली, मुंबईत केईएम, जिथे युनिटचा स्वतःचा डेटा चालू आहे अशी जागा निवडा. प्रश्न समाजातले असतील तर डीएमशिवायही चालतं. तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र किंवा चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था इथून सार्वजनिक आरोग्य व साथरोगशास्त्र शिका. पीएचडी प्रश्न पक्का झाल्यावर. परदेशात जाल तर स्वतःचा प्रश्न घेऊन जा, नाहीतर दुसऱ्याचा घेऊन परत याल. संख्याशास्त्र मात्र कुठल्याही वाटेनं गेलात तरी स्वतः शिकाच, ते दुसऱ्यावर सोपवू नका.

पैशांचं खरं सांगायचं तर खासगी एनआयसीयूतल्या तुमच्या बॅचमेटपेक्षा कमीच मिळतील, बराच काळ. आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) प्रकल्प, इंडिया अलायन्स या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेच्या फेलोशिप आहेत, घर चालतं. पण ग्रँट संपते आणि पुढची यायला वेळ लागतो, तेव्हा फील्डवर्कर बायांचे पगार कसे द्यायचे ही काळजी तुमची असते. लग्न झालं असेल तर जोडीदाराशी यावर आत्ताच मोकळं बोला.

निर्णय घेण्याआधी एक काम करा. पीएचसीच्या पोस्टिंगमध्ये एखाद्या आशाताईला विचारून तिच्याबरोबर तिसऱ्या दिवसाच्या भेटीला जा. ती झोळीचा काटा कसा धरते, आईला काय विचारते, बाळाचं अंग कुठे हात लावून बघते, ते मध्ये न बोलता पाहा. मग तिच्याकडची गरोदर मातांची यादी मागा. गेल्या सहा महिन्यांत ज्यांचे दिवस भरले त्या प्रत्येकीच्या बाळाचं काय झालं ते शोधा. माहेरी गेलेल्यांना फोन लावा, ऊसतोडीला गेलेल्यांचा मुकादमाकडून पत्ता काढा. एकाही नावापुढची जागा रिकामी ठेवू नका. यादी पूर्ण झाली की त्यात काय दिसलं ते मला कळवा. डीएमचा अर्ज भरायचा की नाही ते त्यावरून ठरवू.